पहिला अँटिसेन्स प्रयोग: ऑलिगो मागवण्याआधी आणि मागवल्यावर

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एमआयडीसी पट्ट्यात दर पावसाळ्याच्या सुरुवातीला नवी मुलं प्रयोगशाळांत रुजू होतात. कुणी एमएस्सी करून आलेलं असतं, कुणी नुकतीच पीएचडीला नोंदणी केलेली असते. त्यांच्यापैकी एखाद्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं, ‘हे जनुक जरा अँटिसेन्सने खाली आणून बघ.’ सिद्धान्त सगळ्यांना पाठ असतो: एमआरएनएच्या (प्रथिन बनवण्यासाठी निघणाऱ्या जनुकाच्या नकलेच्या) एखाद्या तुकड्याला पूरक असा छोटा ऑलिगो, म्हणजे डीएनएसारख्या मोजक्या अक्षरांची साखळी, बनवायचा, तो जाऊन चिकटतो आणि प्रथिन बनणं थांबतं. गाडी अडते ती पुढे. ऑलिगो किती लांब घ्यायचा, कुठल्या रसायनाचा, कुणाकडून मागवायचा, कशात विरघळवायचा? हा लेख त्या टप्प्यावरच्या मुलामुलींसाठी आहे.

आधी थोडा इतिहास, कारण त्यातच या कामाची मेख आहे. १९७८ साली पॉल झामेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी १३ अक्षरांचा एक डीएनए ऑलिगो वापरून कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींत राउस सार्कोमा विषाणूची वाढ रोखून दाखवली. पहिलं अँटिसेन्स औषध, फोमिव्हिर्सेन, अमेरिकेत मंजूर झालं ते १९९८ मध्ये. मधली वीस वर्षं मुख्यतः रसायनशास्त्रात गेली. साधा डीएनए ऑलिगो पेशीत किंवा रक्तात फार वेळ टिकत नाही, न्यूक्लिएज एन्झाइम त्याचा फडशा पाडतात. तेव्हा ‘क्रम बरोबर आहे ना, मग झालं’ असं जो म्हणतो त्याचा प्रयोग तिथेच बसला म्हणून समजा. क्रम अर्धं काम करतो, उरलेलं अर्धं त्या क्रमावर चढवलेलं रसायन करतं.

१. सगळ्यात आधी ठरवा: कापायचं की अडवायचं

हा एक प्रश्न नीट सोडवला तर पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. म्हणून इथे घाई करू नका.

कापायचं असेल, म्हणजे एमआरएनएच नष्ट करून त्या जनुकाची पातळी खाली आणायची असेल, तर आरएनएज एच-१ या एन्झाइमची मदत लागते. हे एन्झाइम आपल्या पेशींत असतंच. डीएनए आणि आरएनए यांची जोडी दिसली की ते त्यातला आरएनए कापतं. याचा अर्थ तुमच्या ऑलिगोत डीएनएचा सलग भाग हवाच. म्हणून गॅपमर वापरतात: मध्ये ८ ते १० अक्षरं डीएनएची आणि दोन्ही टोकांना बदललेल्या शर्करेचे पंख. कोलेस्टेरॉलवरचं मिपोमर्सेन हे याचं सरळ उदाहरण. २० अक्षरं, रचना ५-१०-५, लक्ष्य एपोबी जनुकाचा एमआरएनए.

अडवायचं असेल, म्हणजे आरएनए तसाच ठेवून त्याच्यावर फक्त कुणाला तरी बसू द्यायचं नसेल, तर डीएनएचा असा सलग भाग अजिबात नको. सगळीच अक्षरं बदललेल्या शर्करेची हवीत. नुसिनर्सेन असंच आहे. १८ अक्षरं, सगळी २-प्राइम-एमओई (शर्करेवर मेथॉक्सिइथिल गट बसवलेली). स्नायू दुबळे करणाऱ्या एसएमए, म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीत एसएमएन१ जनुक काम करत नाही. त्याचं जुळं भावंड एसएमएन२ शाबूत असतं, पण त्यातल्या एका अक्षराच्या फरकामुळे सातवा एक्झॉन (जनुकाचा एमआरएनएत राहणारा तुकडा) बहुतेक वेळा गळतो. नुसिनर्सेन त्या एक्झॉनशेजारच्या इंट्रॉनमधल्या (छाटून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यातल्या) एका जागेवर जाऊन बसतं. तिथे बसून एक्झॉन गाळायला लावणाऱ्या प्रथिनांना ते जागा मिळू देत नाही, आणि सातवा एक्झॉन पुन्हा एमआरएनएत येतो. इथे अँटिसेन्सने प्रथिनाची पातळी वाढवली, हे नीट ध्यानात घ्या. ‘अँटिसेन्स म्हणजे जनुक बंद करणं’ हे वाक्य पाठ करून आलेल्यांना तोंडी परीक्षेत याच प्रश्नावर घाम फुटतो.

नेहमीचा सापळा असा: कुणीतरी जुन्या फ्रीजरमधला पूर्ण एमओईचा ऑलिगो उचलतं, आरएनए खाली येण्याची वाट बघतं आणि अँटिसेन्स चालत नाही असा निष्कर्ष काढतं. तो ऑलिगो आरएनएज एचला बोलावूच शकत नाही. उलटा प्रकारही होतो. स्प्लायसिंग (इंट्रॉन छाटून एक्झॉन जोडणं) बदलायला गॅपमर टाकला जातो आणि अख्खा प्री-एमआरएनएच, म्हणजे अजून छाटणी न झालेला आरएनए, कापला जातो.

२. जागा आणि क्रम

एनसीबीआयच्या संकेतस्थळावरून तुमच्या जनुकाचे सगळे ट्रान्सक्रिप्ट (आरएनए नकला) उतरवा. सगळ्या आयसोफॉर्ममध्ये (एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या नकलांमध्ये) सामाईक असलेला भाग शोधा. एखादाच आयसोफॉर्म पाडायचा असेल तर उलट, फक्त त्याच्यातच असलेला भाग. आरएनएज एच-१ केंद्रकातही काम करतं, त्यामुळे गॅपमरसाठी इंट्रॉनमधली जागाही चालते. एसआयआरएनए (आरएनए खाली आणायची दुसरी पद्धत) वापरणाऱ्यांना ही सवलत सहसा मिळत नाही.

लांबी १६ ते २० अक्षरं. सोळाच्या खाली का जायचं नाही, याचा ढोबळ हिशेब: चार अक्षरांच्या सोळा जागा म्हणजे सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे क्रम. मानवी जीनोम सुमारे ३१० कोटी अक्षरांचा. त्याहून छोटा क्रम घेतला तर तो योगायोगानेच भलत्या ठिकाणी सापडायची शक्यता वाढत जाते. तरीही ब्लास्ट (क्रम आणखी कुठे जुळतो याचा संगणकावरचा शोध) करायचंच, आणि नुसत्या एमआरएनएवर नाही, प्री-एमआरएनएवरही.

टाळायच्या गोष्टी: लागोपाठ चार जी (असे ऑलिगो एकमेकांत गुंतून चौपदरी गठ्ठे करतात), स्वतःशीच जुळणारे क्रम, आणि शक्यतो सी-जी जोडी. बदल न केलेली सी-जी जोडी पेशीला जिवाणूच्या डीएनएसारखी भासते, टीएलआर-९ हे पहारेकरी प्रथिन जागं होतं आणि दाहाचा प्रतिसाद सुरू होतो. जोडी टाळता येत नसेल तर सीच्या जागी ५-मिथाइल-सी मागा.

आता दिशा. दरवर्षी कुणीतरी इथे पाय घसरून पडतंच, म्हणून उदाहरण देते. एमआरएनए ५-प्राइमकडून (साखळीच्या सुरुवातीच्या टोकाकडून) वाचताना ए-यू-जी-जी-ए-सी असेल, तर ऑलिगो ५-प्राइमकडून जी-टी-सी-सी-ए-टी असा लिहायचा. नुसती पूरक अक्षरं खाली लिहीत गेलात तर टी-ए-सी-सी-टी-जी मिळेल. कंपनीचा फॉर्म तो ५-प्राइमकडूनच वाचणार आणि तुम्हाला कशालाच न चिकटणारा महागडा पांढरा चुरा पाठवणार. क्रम दुसऱ्या कुणाकडून तरी कागदावर तपासून घ्या. संगणकावर नको, कागदावर.

एका जागेवर भरवसा ठेवू नका. आरएनए घड्या घालून बसलेला असतो आणि कुठली जागा उघडी आहे हे सॉफ्टवेअर अंदाजानेच सांगतं. एका जनुकासाठी निदान चार-पाच वेगळ्या जागांचे ऑलिगो मागवावेत. बजेट नाही म्हणून एकच मागवला तर पुढे वाया जाणारे महिने त्याहून महाग पडतात, हे तुमच्या गाइडला पटवायचं काम तुमचं.

३. रसायन निवडताना

दोन थर वेगवेगळे समजून घ्या: कणा आणि शर्करा.

कण्यात फॉस्फोरोथायोएट, म्हणजे पीएस, जवळजवळ नेहमीच लागतो. फॉस्फेटमधल्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवलं की न्यूक्लिएजला तो कणा सहज तोडता येत नाही. शिवाय पीएस प्रथिनांना चिकटतो, म्हणून शरीरात दिल्यावर ऑलिगो लगेच मूत्रपिंडातून वाहून जात नाही. किंमतही मोजावी लागते. आरएनएला चिकटण्याची ताकद प्रत्येक पीएस दुव्यामागे थोडी कमी होते, आणि प्रथिनांना चिकटण्याची तीच सवय मात्रा जास्त झाली की विषारी ठरते. एक गंमत सांगते. गंधक आल्यावर प्रत्येक फॉस्फरस अणूला दोन रूपं मिळतात. २० अक्षरांत १९ दुवे, म्हणजे तुमच्या एका ट्यूबमध्ये ५,२४,२८८ त्रिमितीय भावंडं एकत्र नांदत असतात. आपल्या कामाला त्याने अडत नाही.

पीएसमुळे गेलेली चिकटण्याची ताकद शर्करा भरून काढते. २-प्राइम-ओ-मिथाइल स्वस्त आणि सगळीकडे मिळतं. एमओई औषधांत चांगलं रुळलेलं आहे. एलएनए (रासायनिक पुलाने जखडलेली शर्करा) सगळ्यात घट्ट बसतं, म्हणून एलएनए गॅपमर १६ अक्षरांचा, ३-१०-३ असा, पुरतो. पण तोच घट्टपणा भलत्या जागीही बसवू शकतो, आणि प्राण्यांत काही एलएनए क्रम यकृताला त्रासदायक ठरलेले आहेत. पेशींतल्या पहिल्या प्रयोगासाठी मी एलएनए गॅपमर सुचवते. उंदरांपर्यंत जायचा बेत असेल तर एमओई.

मॉर्फोलिनो, म्हणजे पीएमओ, ही वेगळीच जात. कण्यावर विद्युतभारच नाही, आरएनएज एचशी देणंघेणं नाही, फक्त अडवणं. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीत एक्झॉन ५१ गाळणारं एटेप्लिर्सेन हे ३० अक्षरांचं पीएमओ आहे आणि ते २०१६ मध्ये मंजूर झालं. भार नसल्यामुळे ऑलिगो पेशीत नेणारं नेहमीचं धनभारित लिपिड त्याला पकडत नाही. लिपोफेक्टामीनसारख्या लिपिडमध्ये पीएमओ मिसळणं म्हणजे रिएजंट बेसिनमध्ये ओतणं.

४. कंट्रोल त्याच ऑर्डरमध्ये

कंट्रोल नंतर मागवू म्हणणारे नंतर कधीच मागवत नाहीत. ऑर्डरमध्ये हे असायलाच हवं:

- त्याच लांबीचा, त्याच रसायनाचा, तीच अक्षरं उलटसुलट केलेला स्क्रॅम्बल. ब्लास्ट त्याचाही करायचा.
- तीन-चार अक्षरं मुद्दाम चुकवलेला मिसमॅच.
- मॅलॅट-१वरचा गॅपमर, हमखास चालणारा कंट्रोल म्हणून. हा केंद्रकात राहणारा, भरपूर बनणारा आरएनए आहे. तोही खाली आला नाही तर दोष तुमच्या जनुकात नाही, ट्रान्सफेक्शनमध्ये, म्हणजे ऑलिगो पेशीत घालण्यात आहे.

याशिवाय प्लेटमध्ये नुसत्या पेशी आणि नुसतं लिपिड असे दोन वेल (खळगे) ठेवायचे. एकाच जनुकावरच्या दोन वेगळ्या जागांच्या ऑलिगोंनी सारखाच परिणाम दिला तरच तो परिणाम त्या जनुकाचा. एकाच ऑलिगोवर उभा असलेला निष्कर्ष मी तरी मानत नाही.

५. ऑर्डर आणि कागदपत्रं

ऑलिगो यंत्रावर ३-प्राइम टोकाकडून एकेक अक्षर जोडत बनतो. दर जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली तर १९ जोडण्यांनंतर पूर्ण लांबीचे सुमारे ८३ टक्केच उरतात. ९८ टक्के झाली तर ६८. बाकीचे तुटके. म्हणून पेशींत घालायच्या ऑलिगोला एचपीएलसी शुद्धीकरण मागायचंच, आणि सोबत मास स्पेक्ट्रोमेट्रीचा रिपोर्ट.

तुमच्याच संस्थेत सिंथेसायझर असेल तर पावसाळ्यात जास्त जपा. सक्रिय झालेल्या फॉस्फोरामिडाइटला (जोडायच्या अक्षराच्या रासायनिक रूपाला) वाढत्या साखळीचा हायड्रॉक्सिल मिळायच्या आधी पाणी भेटलं तर ते पाण्याशीच संसार थाटतं. नवी मुंबईतल्या जुलैच्या हवेत झाकण उघडं राहिलेली अ‍ॅसिटोनायट्राइलची बाटली एवढ्या कामाला पुरते. बाटलीत मॉलिक्युलर सीव्ह, वरून आर्गॉन, आणि ट्रिटिलचा (दर जोडणीच्या वेळी सुटणाऱ्या संरक्षक गटाचा) नारंगी रंग दर चक्राला फिका पडतोय का यावर नजर.

फॉर्म भरताना:

- ‘स्केल’ म्हणजे सुरुवातीला घेतलेलं प्रमाण. हाती येणारं त्याहून बरंच कमी असतं. कोटेशनमध्ये हाती येणारे नॅनोमोल लिहून घ्या, नाहीतर तीन कोटेशनांची तुलना फसवी होते.
- खुणा कंपनीगणिक बदलतात. काहींकडे अधिक-चिन्ह म्हणजे एलएनए आणि तारांकन म्हणजे पीएस. कन्फर्मेशन ईमेलमधला क्रम अक्षर-अक्षर ताडून पाहा.
- सोडियम सॉल्ट मागा. शुद्धीकरणातून उरलेलं ट्रायइथिलअमोनियम पेशींना मारतं, आणि तुम्ही समजता की जनुक खाली आल्यामुळेच पेशी मेल्या.

स्टोअर आणि खरेदी विभागासाठी: तीन कोटेशन, गाइडची सही असलेला इंडेंट, परदेशी माल असेल तर संस्थेच्या डीएसआयआर (केंद्राचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग) नोंदणीचं प्रमाणपत्र, सरकारी संस्था असेल तर जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर वस्तू मिळते का याची नोंद. प्रयोगासाठी: संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी, सेल लाइन कुठून आली त्याचे कागद (आपल्याकडे बहुतेक जण पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून घेतात) आणि ताजा मायकोप्लाझ्मा रिपोर्ट.

६. पार्सल आल्यावर

सुकवलेला ऑलिगो दोन दिवस तुर्भ्याच्या गोदामात पडून राहिला तरी त्याला काही होत नाही, तेव्हा कुरिअरवाल्याशी भांडू नका. जपायचं ते ट्रान्सफेक्शन रिएजंटला. तो ४ अंशांवर ठेवायचा असतो आणि गोठवायचा नसतो. गेटवर उतरलेला खोका कुणी भल्या मनाने उणे २० मध्ये ठेवला की लिपिडची वाट लागते. बाहेर मोठ्या अक्षरांत ‘फ्रीजरमध्ये ठेवू नये’ लिहिलेलं असतं, पण ते कुणी वाचत नाही. सुरक्षारक्षकाचा नंबर घेऊन ठेवा आणि पार्सल यायच्या दिवशी स्वतः खाली जा.

ट्यूब फ्रीजरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा, नाहीतर दमट हवेतलं पाणी आत जमतं. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, कारण चुरा झाकणाला चिकटलेला असतो. नॅनोमोलच्या आकड्याला दहाने गुणलं की तेवढे मायक्रोलिटर टीई बफर घालून १०० मायक्रोमोलर स्टॉक होतो. १८.४ नॅनोमोल असतील तर १८४ मायक्रोलिटर. नंतर २६० नॅनोमीटरवर मोजून आकडा खरा आहे ना ते पाहा. छोटे भाग करून उणे २० ला ठेवा, आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजमध्ये नाही.

१०० मायक्रोमोलरमधून थेट प्लेटमध्ये टाकू नका. २४ वेलच्या प्लेटमध्ये ५०० मायक्रोलिटर माध्यमात ५० नॅनोमोलर हवं असेल तर पाव मायक्रोलिटर घ्यावा लागेल, आणि पाव मायक्रोलिटर कुठलंच पिपेट खात्रीने देत नाही. मधला १० मायक्रोमोलरचा स्टॉक करा, मग २.५ मायक्रोलिटर पुरतात.

७. पेशींत घालणं

लिपिडने घालायचं असेल तर २, ६, १८, ५४ नॅनोमोलर अशी चढती मात्रा ठेवा. मात्रेबरोबर परिणाम वाढत गेला तर जीव भांड्यात पडतो. सगळ्या मात्रांना सारखाच परिणाम दिसला तर शंका घ्या. पेशी अर्ध्याहून थोड्या जास्त भरलेल्या असाव्यात. लिपिड आणि ऑलिगो यांचं मिश्रण सीरम नसलेल्या माध्यमात करायचं.

पीएस गॅपमर लिपिडशिवाय, नुसते माध्यमात घातले तरी काही पेशी त्यांना आत घेतात. याला जिम्नोसिस म्हणतात. मात्रा मात्र १ ते १० मायक्रोमोलर लागते आणि काही दिवस थांबावं लागतं. वेळ असेल तर मला हीच पद्धत आवडते, कारण लिपिडचा विषारीपणा हिशेबातून निघून जातो.

८. मोजणं

पुन्हा पहिला प्रश्न: कापलं की अडवलं?

कापलं असेल तर २४ तासांनी आरएनए काढून क्यूपीसीआर (तो किती उरला ते मोजणारी चाचणी). कापल्यावर आरएनएचे दोन तुकडे होतात आणि एखादा तुकडा काही काळ रेंगाळतो. ऑलिगो-डीटीने (एमआरएनएच्या ३-प्राइम शेपटीला चिकटणाऱ्या प्रायमरने) सीडीएनए, म्हणजे आरएनएची डीएनए नक्कल, केला आणि प्रायमर ३-प्राइम टोकाजवळ असले तर तो तुकडा मोजला जाऊन काहीच झालं नाही असं दिसू शकतं. प्रायमर बरोबर कापायच्या जागेवर घेतले तर शिल्लक ऑलिगो तिथेच बसून रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला अडवू शकतो, आणि परिणाम आहे त्याहून मोठा दिसतो. म्हणून दोन जोड्या घ्या, एक जागेच्या अलीकडे, एक पलीकडे. दोन्हींचं जमलं की विश्वास ठेवा. जीएपीडीएच किंवा जो काही संदर्भ घेतला असेल त्याचे सीटी (कितव्या चक्राला सिग्नल दिसला तो आकडा) सगळ्या वेलमध्ये सारखे आहेत ना हेही बघा.

अडवलं असेल तर क्यूपीसीआरचा एकूण आकडा काही सांगत नाही. शेजारच्या एक्झॉनमध्ये प्रायमर घेऊन साधी पीसीआर करा आणि अडीच टक्के अ‍ॅगरोजवर चालवा. एसएमएनचा सातवा एक्झॉन ५४ अक्षरांचा आहे, तेव्हा तो असलेली आणि नसलेली अशा दोन पट्ट्या नीट वेगळ्या दिसतात.

प्रथिनासाठी वेस्टर्न ब्लॉट ४८ ते ७२ तासांनी. आरएनए गेला तरी आधी बनलेलं प्रथिन आपापल्या आयुष्यमानाप्रमाणे उरतं. काही प्रथिनं इतकी चिवट असतात की एका ट्रान्सफेक्शनमध्ये हलत नाहीत. अशा वेळी तिसऱ्या दिवशी पुन्हा ऑलिगो द्यायचा.

ओळखीचे लोक विचारतील तेव्हा

तुम्ही अँटिसेन्सवर काम करता हे सोसायटीत कळलं की कधीतरी कुणाचे तरी काका किंवा मावशी एसएमएच्या बाळाचा फोटो असलेला फॉरवर्ड घेऊन येतात. ‘तुमच्याकडे हेच औषध बनतं ना?’ प्रयोगशाळेतला ऑलिगो आणि औषध यांत काय अंतर आहे ते नम्रपणे सांगा, आणि चुकूनही उपचाराचा सल्ला देऊ नका. नुसिनर्सेन पाठीच्या कण्यातून, मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात दिलं जातं. सुरुवातीला चार मात्रा, मग दर चार महिन्यांनी. तो निर्णय न्यूरोलॉजिस्टचा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात एसएमएचा समावेश आहे, आणि ठाणे-नवी मुंबईच्या कुटुंबांना जवळ पडणारं त्यातलं केंद्र म्हणजे परळचं केईएम रुग्णालय. आर्थिक मदतीचे अर्ज अशा केंद्रांमार्फतच जातात. जाताना बाळाच्या एसएमएन१ आणि एसएमएन२च्या प्रती किती आहेत हे सांगणारा एमएलपीए रिपोर्ट मूळ प्रतीसह सोबत न्यायला सांगा.